दृष्टीच्या टप्प्यांत आलेलें पान



छापील पुस्तकाचें पान आणि मोबाइलच्या पडद्यावरचें पान यांत एक मोठा भेद आहे. छापील पान सबंध एकदम डोळ्यांपुढें असतें. पडद्यावरचें पान पडद्याहून कितीतरी लांब असतें, आणि आपण तें बोटानें वर सारीत सारीत तुकड्यातुकड्यानें वाचतों. आगगाडीच्या खिडकींतून जसा एका वेळीं रानाचा एकच तुकडा दिसतो, तसा पडद्याच्या चौकटींतून एका वेळीं पानाचा एकच भाग दिसतो. दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. आपला कोणता भाग वाचकापुढें आहे, याची छापील पानास कांहींच खबर नसते. पडद्यावरच्या पानास मात्र ती खबर मिळवितां येते. ती कशी मिळते, तिचा उपयोग काय, आणि तिच्यावर किती विसंबावें, या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

ही खबर पानास हवी तरी कशाला? एखाद्या वृत्तपत्राच्या पानावर चाळीस छायाचित्रें आहेत असें समजूं. पुष्कळ वाचक पहिल्या चारपांच चित्रांपर्यंत येतात आणि पान मिटतात. चाळीसही चित्रें आधींच मागवून ठेवलीं, तर उरलेल्या पस्तीस चित्रांचा भार वाचकाच्या डेटावर आणि बॅटरीवर फुकट पडतो, व ज्या चित्रांची त्यास खरोखर गरज आहे तीं या गर्दींत मागें पडतात. तेंच चित्र दृष्टीच्या टप्प्यांत येण्याच्या बेतांत असतांना मागविलें, तर दोन्हीं नुकसानें टळतात. चलच्चित्राचेंही तसेंच आहे; तें पडद्याबाहेर गेल्यावर कोणासाठीं चालत राहावें? यादी संपत आली म्हणजे पुढचा भाग आणावयाचा असतो. आणि जो व्यापारी जाहिरातीचे पैसे मोजतो, त्यास आपली जाहिरात निदान वाचकाच्या पडद्यावर आली होती कीं नाहीं, हें कळावयास हवें असतें.

आतां हें ओळखण्याची जुनी रीत पाहूं. पान दाखविणाऱ्या कार्यक्रमास आपण ब्राउझर म्हणतों. पान जरासें सरकलें कीं ब्राउझर पानांतील आज्ञावलीस 'पान सरकलें' अशी वर्दी देतो. जुन्या रीतींत ही वर्दी मिळतांच आज्ञावली प्रत्येक चित्राची जागा विचारीत असे: याची वरची कड कोठें आहे, खालची कोठें आहे, आणि पडद्याची उंची किती? मग बेरीज-वजाबाकी करून कोणतें चित्र चौकटींत आलें तें ठरवीत असे. हिशेबांत चूक कांहींच नव्हती. चूक होती ती विचारण्याच्या पद्धतींत.

घरीं पाहुणे यावयाचे आहेत, आणि स्वयंपाकघरांत एकच माणूस राबतो आहे, अशी कल्पना करा. घरधनी त्यास पळापळाला विचारतो, "पाहुणे आले का?" दर वेळीं तो हातांतलें काम टाकून दारापर्यंत जातो, रस्त्यावर नजर टाकतो आणि परत येऊन "नाहीं" म्हणून सांगतो. पाहुणे येतात तेव्हां स्वयंपाक अर्धा कच्चा असतो. ब्राउझराची स्थिति तशीच होती. आज्ञावलींतील आज्ञा पाळणें, पानावरील घटकांची मांडणी मोजणें, वाचकाच्या स्पर्शास उत्तर देणें, हीं कामें बहुतांशीं एकाच मुख्य सूत्रावर, म्हणजे जणूं एकाच कारकुनाकडून, एकामागून एक होतात. पडदा सामान्यतः सेकंदास साठ वेळां नवें चित्र दाखवितो. म्हणजे एका चित्राच्या तयारीस सुमारें १६.७ सहस्रांश सेकंद एवढाच अवकाश मिळतो. ज्या नव्या मोबाइलांत हा वेग १२० पर्यंत गेला आहे, त्यांत हा अवकाश निम्म्यावर आला आहे. घटकाची जागा विचारणें दिसावयास सोपें. परंतु मध्यंतरीं पानांत कांहीं बदल झालेला असेल, तर खरें उत्तर देण्यासाठीं ब्राउझरास सर्व मांडणी त्याच क्षणीं पुन्हां मोजावी लागते. असे प्रश्न सेकंदांतून अनेक वेळां, पन्नास चित्रांसाठीं, होऊं लागले कीं पान बोटाबरोबर सरकत नाहीं. अडखळत, गचके खात सरकतें.

याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ज्यास पुढें २०२३ सालीं 'एक्स' हें नांव मिळालें, त्या ट्विटरवर २०११ च्या आरंभीं पान सरकविणें एकाएकीं अत्यंत जड झालें. वाचक तळाशीं येतो कीं नाहीं हें पाहून पुढचे संदेश आणण्याची तेथें सोय होती, आणि त्यासाठीं पान सरकल्याच्या प्रत्येक वर्दीवर पानांतील ठराविक घटकांचा नव्यानें शोध घेतला जात होता. 'जेक्वेरी' या लोकप्रिय साधनसंचाची नवी आवृत्ति बसविल्यावर हा विशिष्ट शोध पूर्वींपेक्षां हळू झाला, आणि इतके दिवस झांकून राहिलेला दोष उघडा पडला. जेक्वेरीचा जनक जॉन रेसिग यानें या प्रकरणाचें जाहीर विवेचन केलें. सरकण्याच्या वर्दीला जड काम कधींही बांधूं नये. वर्दी आल्याची नुसती नोंद करावी, आणि दर २५० सहस्रांश सेकंदांनीं, म्हणजे पाव सेकंदानें, ती नोंद पाहून काम करावें. शिवाय एकदां शोधलेला घटक हाताशीं ठेवावा, पुन्हां पुन्हां शोधूं नये. असा त्याच्या उपदेशाचा सारांश होता.

उपदेश शहाणपणाचा होता आणि त्यानें पुष्कळ पानें सुधारलीं. तथापि त्यानें मूळ रीत बदलली नाहीं. घरधनी पळापळाला विचारीत होता तो आतां थोडें थांबून विचारूं लागला, एवढेंच. खरा उपाय निराळा होता. दारावर ज्याची नजर मुळांतच आहे, त्यासच सांगून ठेवावें कीं, पाहुणे आले म्हणजे निरोप दे. पानाची मांडणी ब्राउझर स्वतःच करतो; कोणता घटक कोठें आहे हें त्यास प्रत्येक चित्राच्या वेळीं आपोआपच ठाऊक असतें. मग आज्ञावलीनें तें पुन्हां मोजावें कशाला?

हा विचार 'इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर' या नांवानें साकार झाला. मराठींत आपण त्यास 'छेद-निरीक्षक' म्हणूं. कारण घटकाचा आयत आणि पडद्याचा आयत एकमेकांस छेदतात कीं नाहीं, आणि छेदत असल्यास किती, एवढेंच तो पाहतो. क्रोम ब्राउझराच्या ५१ व्या आवृत्तींत तो मे २०१६ मध्यें आला. फायरफॉक्सनें ऑगस्ट २०१७ मध्यें आणि सफारीनें मार्च २०१९ मध्यें त्याचा स्वीकार केला. म्हणजे सर्व प्रमुख ब्राउझरांत ही सोय पोंचावयास सुमारें तीन वर्षें लागलीं.

या निरीक्षकास काम सांगतांना तीन गोष्टी ठरवून द्याव्या लागतात. पहिली गोष्ट चौकट. कोणत्या चौकटींत घटक आला म्हणजे तो आला असें समजावयाचें? कांहीं न सांगितल्यास ही चौकट म्हणजे पडद्यावरील पानाची दृश्य जागा. दुसरी गोष्ट समास. छापील पानाच्या कडेस जसा समास सोडतात, तसा या चौकटीभोंवतीं एक अदृश्य समास कल्पितां येतो. तळाशीं २०० पिक्सेलांचा समास दिला, तर चित्र प्रत्यक्ष पडद्यावर येण्यापूर्वींच, तें २०० पिक्सेल खालीं असतांना, निरोप मिळतो, आणि वाचक तेथें पोंचेपर्यंत चित्र तयार असतें. तिसरी गोष्ट उंबरठा. घटकाचा किती भाग आंत आला म्हणजे निरोप द्यावयाचा? उंबरठा शून्य ठेवला तर घटकाची कड लागतांच निरोप येतो, ०.५ ठेवला तर अर्धा घटक आंत आल्यावर. १ ठेवला तर तो सबंध आंत आल्यावर. एकाच घटकास अनेक उंबरठेही देतां येतात. ४०० पिक्सेल उंचीच्या चित्रास शून्य, ०.५ आणि १ असे तीन उंबरठे दिले, तर तें कडेला लागतांच एक, २०० पिक्सेल आंत आल्यावर दुसरा, आणि पूर्ण आंत आल्यावर तिसरा निरोप मिळेल. उंबरठा ओलांडून बाहेर जातांनाही असेच निरोप येतात. दोन उंबरठ्यांच्या मधल्या हालचालीविषयीं निरीक्षक गप्प असतो. आणि या गप्प राहण्यांतच त्याची काटकसर आहे.

हें साधन वापरणाऱ्यांनीं त्याचा स्वभाव मात्र ओळखला पाहिजे. घटक नजरेखालीं सोंपवितांच एक पहिला निरोप येतोच, मग तो घटक पडद्यावर असो वा नसो. म्हणून निरोप आला याचा अर्थ घटक आला असा न करतां, निरोपांत 'छेद आहे' असें लिहिलें आहे का तें पाहावें लागतें. दुसरें असें कीं, निरीक्षण प्रत्येक चित्रागणिक एकदां होतें. वाचकानें पान झटक्यानें फेंकलें आणि एखादा लहान घटक दोन चित्रांच्या दरम्यान चौकट ओलांडून गेला, तर त्याचा निरोप येणार नाहीं. तिसरी अडचण उंच घटकांची. ३००० पिक्सेल लांबीचा लेख ७०० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर एका वेळीं २३ टक्क्यांहून थोडा अधिक दिसूं शकतो. अशा लेखास ०.५ चा उंबरठा दिला, तर वाचकानें तो अक्षरन् अक्षर वाचला तरी निरोप कधींच मिळणार नाहीं! तेव्हां सबंध लेखावर नजर ठेवण्याऐवजीं त्याच्या शेवटीं एक लहानशी खूण ठेवून तिच्यावर नजर ठेवणें श्रेयस्कर. न संपणाऱ्या याद्यांत पुढचा भाग आणण्यासाठीं बहुधा हीच युक्ति योजतात.

चित्रांपुरतें तर आतां हेंही करावें लागत नाहीं. जुलै २०१९ मध्यें क्रोमच्या ७६ व्या आवृत्तीपासून चित्राच्या खुणेंतच 'सवडीनें आण' असा एक शब्द लिहून ठेवण्याची सोय झाली. पुढील कांहीं वर्षांत फायरफॉक्स व सफारी यांनींही ती दिली. चित्र किती दूर असतांना मागवावयाचें, हें मग ब्राउझर स्वतः ठरवितो. २०२० सालीं क्रोमनें हें अंतर वेगवान जोडणीवर १२५० पिक्सेल आणि संथ जोडणीवर २५०० पिक्सेल असें ठेवलें. संथ जोडणीवर चित्रास यावयास वेळ लागतो. म्हणून त्यास बोलावणें अधिक आधीं धाडावें लागतें. या सोयीबरोबर दोन पथ्यें पाळावीं लागतात. जीं चित्रें पान उघडतांच समोर असतात, त्यांस हा शब्द लावूं नये; तीं विनाकारण उशिरा येतात. आणि प्रत्येक चित्राची लांबीरुंदी आधींच लिहून जागा राखून ठेवावी; नाहींतर चित्र येतांच खालचा मजकूर एकदम ढकलला जातो, आणि वाचकाची वाचतां वाचतां ओळ हरवते.

येथपर्यंत विषय सोयीचा होता. आतां पैशाचा आणि विश्वासाचा विषय येतो. संकेतस्थळांवरील जाहिराती पुष्कळदां दुसऱ्याच ठिकाणाहून येऊन पानांतील एका स्वतंत्र लहान चौकटींत बसतात, आणि सुरक्षिततेच्या नियमामुळें त्या चौकटीस बाहेरचें पान पाहण्याची मुभा नसते. म्हणून आपण वाचकाच्या डोळ्यांपुढें आहोंत कीं पानाच्या तळाशीं पडून आहोंत, हें त्या जाहिरातीस सरळ मार्गानें कळत नसे. आडवाटेचे नाना प्रयोग करून तें ताडावें लागे. जाहिरात पाठविली गेली कीं तिचे पैसे लागू होत, मग ती दिसो वा न दिसो. २०१४ सालीं गूगलनें आपल्या जाहिरात-व्यवस्थांवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत मोजलेल्या जाहिरातींपैकीं ५६.१ टक्के जाहिराती दृष्टीस पडण्यास योग्य अशा स्थितींत कधीं आल्याच नव्हत्या. त्याच वर्षीं अमेरिकेंतील 'मीडिया रेटिंग कौन्सिल' या संस्थेनें एक माप ठरवून दिलें. जाहिरातीचे निदान ५० टक्के पिक्सेल अखंड एक सेकंद पडद्यावर असले, तर ती 'दृश्य' समजावी. चलच्चित्राच्या जाहिरातीस हीच मुदत दोन सेकंद. छेद-निरीक्षक आल्यावर हें मोजणें सरळ झालें. दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या चौकटीसही ब्राउझर छेदाचें प्रमाण सांगतो, पण बाहेरच्या चौकटीचीं मापें तिच्यापासून राखून ठेवतो. हा भेद विचारपूर्वक केलेला आहे.

तरी छेद म्हणजे दर्शन नव्हे. निरीक्षक दोन आयतांची भूमिति पाहतो. त्या घटकावर दुसरा घटक आच्छादन घालून बसला आहे, किंवा घटकाची अपारदर्शकता शून्य करून तो अदृश्य केला आहे, हें त्याच्या पहिल्या आवृत्तीस कळत नाहीं. यांतून लबाडीस वाव राहतो. एक बटण दाखवावयाचें आणि त्यावर दुसरेंच अदृश्य बटण ठेवून वाचकाची टिचकी चोरावयाची, हा प्रकार जालावर जुना आहे. त्यास आळा घालण्यासाठीं २०१९ सालीं क्रोमच्या ७४ व्या आवृत्तींत या निरीक्षकाची दुसरी आवृत्ति आली. घटक झांकलेला वा विरलेला नाहीं, याची खातरी असेल तरच ती 'दिसतो' म्हणते. खातरी नसेल तर 'दिसत नाहीं' असेंच उत्तर देते. ही तपासणी खर्चिक असल्यामुळें तिचे दोन निरोप निदान १०० सहस्रांश सेकंदांच्या अंतरानें यावे, असें बंधन आहे.

परंतु ही दुसरी आवृत्तिही कोठवर पोंचते? पडद्याच्या कांचेपर्यंत. कांचेच्या अलीकडे काय चाललें आहे, हें तिला ठाऊक नाहीं. वाचक लेख उघडा ठेवून चहाचें आधण पाहावयास गेला, तर तो लेख पांच मिनिटें 'दृश्य' राहतो. दुसरा एक वाचक अंध आहे. तो पडदा-वाचकाच्या मुखानें तोच लेख लक्षपूर्वक ऐकतो. त्याच्या ऐकण्याचा आणि पडद्यावरच्या आयतांचा मेळ बसेलच असें नाहीं. मोजणाऱ्याच्या वहींत पहिला वाचक तन्मय ठरतो आणि दुसऱ्याची कदाचित् नोंदही होत नाहीं. आतां या वहीवरून कोणी संपादक ठरवूं लागला कीं, लोकांस अमुक विषय आवडतो आणि तमुक आवडत नाहीं, तर तो कशावर ठरवितो आहे? वाचनावर नव्हे, आयतांच्या छेदावर. या साधनाचा दोष नाहीं. त्यानें आपण वाचन मोजतों असा दावा कधीं केलेलाच नाहीं. दावा आपण त्याच्या तोंडीं घालतों.

या खबरीचा दुसरा धोका वाचकाच्या खासगीपणाशीं संबद्ध आहे. वाचक कोठें थांबला, कोठून मागें फिरला, कोणता परिच्छेद ओलांडून गेला, हें सर्व या मार्गानें टिपतां येतें. जालाच्या मानकांत याची जाणीव दिसते. वाचकानें ब्राउझरांतील आज्ञावली बंद करून ठेवल्या असतील, तर चित्रें 'सवडीनें' आणण्याची सोयही बंद व्हावी आणि सर्व चित्रें एकदम यावीं, असा नियम आहे. कारण सरळ आहे. नाहींतर पानांत ठिकठिकाणीं चित्रें पेरून, त्यांची मागणी केव्हां येते यावरूनच वाचक कोठपर्यंत पोंचला हें दूर बसलेल्या यंत्रास ताडतां आलें असतें. ज्यानें पाळत नको म्हणून दार लावलें, त्याच्यावर खिडकींतून पाळत ठेवूं नये, असा या नियमाचा आशय आहे.

आणि तिसरा धोका वाचकाच्या वेळेचा. पानास तळ असला म्हणजे वाचकास थांबण्याची जागा मिळते. तळ जवळ येतांच पुढचा भाग आणून जोडीत राहिलें, तर ती जागाच नाहींशी होते. २००६ सालीं ही न संपणारी यादी रचणाऱ्यांपैकीं एक, आझा रास्किन, यानें पुढें या रचनेविषयीं जाहीरपणें खेद व्यक्त केला आहे. चित्र वेळेवर आणणारें आणि वाचकास उठूं न देणारें साधन एकच आहे. भेद तें वापरणाऱ्याच्या हेतूंत आहे.

म्हणून पान रचणाऱ्यांनीं कांहीं नियम मनाशीं बाळगावे असें वाटतें. जें काम एकदां झालें, त्याच्यावरची नजर काढून घ्यावी. चित्र आलें कीं निरीक्षकास त्या घटकापुरती रजा द्यावी. मजकूर हा मुळांतच पानांत असावा. तो दृष्टीच्या टप्प्यांत आल्यावरच उमटेल अशी केवळ शोभेची योजना करूं नये, कारण आज्ञावली बिघडली किंवा पान छापावयास घेतलें, तर कोरी जागा हातीं येते. यादीस शक्यतों तळ असावा, आणि पुढें जावयाचें कीं नाहीं हें वाचकानें बटण दाबून ठरवावें. आणि जेथें मोजावयाचेंच आहे, तेथें हिशेबाच्या वहींत 'वाचलें' असा शब्द न लिहितां 'पडद्यावर आलें' असा लिहावा. एका शब्दाचा हा फरक आहे. पण जाहिरातदार त्यावर पैसे मोजतो, संपादक त्यावर विषय निवडतो, आणि लेखकाचें पोट त्यावर अवलंबून असतें. जी गोष्ट आपण मोजली तिचेंच नांव तिला द्यावें, एवढी सचोटी या नव्या हिशेबनिसांकडून मागावयास हरकत नाहीं.

आपण वाचक मंडळींनींही एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे कीं, बोटाखालून सरकणारें पान सर्वस्वीं मुकें नाहीं. आपण कोठें आहोंत हें त्यास बहुधा ठाऊक असतें. आपण काय वाचलें, हें मात्र अजून आपल्याच स्वाधीन आहे.